पसंतीक्रम

यावलच्या स्टँडसमोर, रसवंतीला लागून,
भंगाळेभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी दुसऱ्यांचे फॉर्म भरते.
तीस रुपये फॉर्मचे, दहा प्रिंटचे,
फोटोत डोळे मिटले असतील तर वर पंधरा.

साडेदहालाच पत्रा तापतो.
रांगेत कुणाला पुण्याला जायचंय,
कुणाला फक्त घरातून.
डोंगराकडून आलेला रुबाब तडवी
आधारकार्ड पिशवीत, पिशवी रुमालात,
रुमाल शर्टाच्या आत ठेवून आला.
"ताई, लवकर नोकरी लागीन असं टाका."
असा रकाना नाही रे.
मी यादी वाचून दाखवली :
जोडारी. कातारी. तारतंत्री. वीजतंत्री. संधाता.
"संधाता म्हंजे?"
"वेल्डर."
"मंग तसं लिहा ना."
तसं लिहिता येत नाही, यादी सरकारी आहे.
पण तो गेल्यावर शब्द मागे राहिला,
आवळासुपारीसारखा मी गालात धरून ठेवला.

माझा कच्चा कागद ड्रॉवरमध्ये, पिनांच्या डबीखाली.
एकाहत्तर टक्के.
नेहेते सर म्हणतात, फैजपूरला बी.एस्सी. कर,
तू प्रश्न विचारतेस.
(विचारले खरे. उत्तरं कुठे दिली होती त्यांनी?)
आईला कॉलेजच पाहिजे. कशाचं, ते तिला विचारू नका.
नऊ वर्षं ती मुलींच्या हॉस्टेलात पोळ्या लाटते,
आणि खोल्यांतले दिवे रात्री एकला बंद होतात
हे तिने इतक्यांदा सांगितलंय
की मला वाटतं, तिला तो दिवाच हवाय.

बाबा केळीच्या गाड्या भरतात.
चिकाचे डाग धुऊन जात नाहीत,
त्यांचे सगळे शर्ट आता एकाच रंगाचे.
त्यांनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाले,
सावद्याच्या पॅकिंग हाउसले पोरी पायजेत,
फण्या धुवायच्या, स्टिकर लावायचे,
रोजचे साडेतीनशे, अन् आत गार असतं.
गार असतं, हे दोनदा म्हणाले.
पंचेचाळीस अंशांत
बापाने याहून मोठं काय द्यावं?

तिन्ही वाटा एका कागदावर मावत नाहीत.
प्रत्येकीची वेबसाइट वेगळी, शेवटची तारीख वेगळी.
पॅकिंग हाउसला तर फॉर्मच नाही,
चपला काढून आत जायचं.

मार्चमध्ये दुकानाचं शटर निखळलं
तेव्हा ग्रिलवाल्या जमीलचाचांनी
त्यांची जादा काच माझ्या हातात दिली.
काचेआड दुपार विझली, भंगाळेभाऊ विझले,
स्टँड, रसवंती, घुंगरं, सगळं विझलं.
एक हिरवा ठिपका तेवढा सरकत होता
आणि त्याच्या मागे लोखंड
पाण्यासारखं भरत येत होतं.
चाचांनी हातोडीने खपली उडवली.
खाली शिवण.
आईच्या टाक्यासारखी नव्हती.
कुणाच्याच टाक्यासारखी नव्हती.
हे सरांना सांगितलं असतं तर म्हणाले असते,
हेच तर रसायन.
असेलही.

काल वीज गेली, आली. सर्व्हर गेला, आला.
रात्री नऊला दुकानात मी एकटी.
पसंतीक्रम एक.
बोट बराच वेळ माउसवर.
ओटीपी बाबांच्या फोनवर गेला.
ते रावेरकडे कुठेतरी गाडीवर उभे,
खालून घड येत होते.
"थांब व," म्हणाले,
आणि घड मोजतात तसे आकडे वाचले.
चार, हां. शून्य, हां. नऊ, हां. नऊ, हां. दोन, हां.
सात. नाही, एक. काचेले चीक लागेल आहे.
"कशाचं व हे?"
"संधाता."
पलीकडे नुसतं इंजिन.
मग, "साहेबाचं काही असतं का?"

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.
पोरीला काय म्हणतात, संधात्री?
यादीत शोधलं. नव्हतं.
प्रिंट काढली,
आणि दहा रुपये गल्ल्यात टाकले.